लंबकांच्या लाटेचा सेट (१५ गोळेवाला): बघायला जबरदस्त, माहितीपत्रक मात्र फेकून द्या

आधीच सांगतो, हा सेट बॉक्समधून काढला आणि लगेच चालू झाला असं होत नाही, दोऱ्या जुळवत बसायची चिकाटी असेल तरच घ्या. फ्रेमला एका ओळीत १५ धातूचे गोळे, प्रत्येकाची दोरी आधीच्यापेक्षा जराशी आखूड. सोबतच्या पट्टीने सगळे एकदम मागे ओढायचे आणि सोडून द्यायचे, बास. आधी सगळे एकत्र झुलतात, मग ओळ वाकायला लागते, नागमोडी होते, वळणं दाट होत जातात, मध्येच सगळं विस्कटल्यासारखं वाटतं आणि ३० व्या सेकंदाला बघावं तर एकाआड एक गोळे या बाजूला, उरलेले त्या बाजूला!! तिथून सगळं उलट्या क्रमाने होत ६० व्या सेकंदाला परत सरळ ओळ.

गंमत साधी आहे, सगळ्यात लांब लंबक मिनिटाला ५१ झोके घेतो, पुढचा ५२, असं करत शेवटचा ६५, म्हणजे मिनिट संपताना प्रत्येकाचे पूर्ण झोके झालेले असतात. त्यासाठी लांबी साधारण ३४.४ सेंमीपासून २१.२ सेंमीपर्यंत लागते, आणि ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. इथेच माझी तक्रार आहे. काही दोऱ्या कमीजास्त बांधून आल्या होत्या. ३ मिमी म्हणजे काय एवढं असं वाटेल, पण लांबी १ टक्का चुकली की झोक्याचा वेळ अर्धा टक्का चुकतो आणि मिनिटभरात गोळा जवळजवळ पाव झोका पुढेमागे होतो, मग कसली लाट. नशीब वर दोरी घट्ट-सैल करायला स्क्रू दिलेत, आणि प्रत्येक गोळा दोन दोऱ्यांवर व्ही आकारात टांगलाय त्यामुळे आडवा भरकटून शेजाऱ्यावर आपटत नाही. हे डिझाइन खरंच चांगलं आहे.

माहितीपत्रकात लिहिलंय की ऊर्जा एका गोळ्याकडून दुसऱ्याकडे जाते. साफ चूक. चालू असताना मधला एक गोळा बोटाने धरून ठेवा, बाकीच्यांना काही फरक पडत नाही, कारण कोणी कोणाला ढकलतच नाहीये, प्रत्येकजण आपापल्या तालात आहे आणि लाट फक्त आपल्याला दिसते. गोमेच्या पायांतून लाट सरकताना दिसते तीही अशीच, प्रत्येक पाय पुढच्या-मागच्यापेक्षा किंचित उशिरा-लवकर उचलला जातो. पोरांना ऊर्जा वाहून नेणारी खरी लाट दाखवायची असेल तर स्लिंकी घ्या, ती आडवी हलवली की अवतरंग, पुढेमागे ढकलली की अनुतरंग, शाळेतले दोन्ही प्रकार एकाच स्प्रिंगमध्ये.

बाकी फार लांब ओढून सोडू नका, मोठ्या झोक्याला वेळ थोडा जास्त लागतो आणि टायमिंग बिघडतं. पंखा बंद ठेवा. ५ पैकी ४ स्टार, कापलेला एक स्टार त्या माहितीपत्रकाचा.