'टाइम आउट' : काही महिने रोज ऐकल्यानंतर

अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक याच्या चौघांच्या संचाचा, म्हणजे डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटचा, 'टाइम आउट' गेले काही महिने माझ्याकडे जवळपास रोज वाजतोय. १९५९ चा अल्बम, सात रचना, चाळीस मिनिटांच्या आत संपणारा. त्याच्याबद्दल नेहमी एकच गोष्ट सांगितली जाते: बहुतेक जॅझ चार मात्रांत चालत असताना यांनी पाच, सहा, नऊ मात्रांत वाजवलं. खरं आहे. पण सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ऐकत वाढलेल्या कानाला तेवढ्याचं नवल किती दिवस पुरणार? ते ओसरल्यावरच हा अल्बम मला खरा आवडू लागला.

पहिली रचना 'ब्लू रोंडो आ ला तुर्क'. नऊ मात्रा, पण बहुतेक वेळा तीन-तीन-तीन नाहीत, दोन-दोन-दोन-तीन. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने या चौघांना दौऱ्यावर पाठवलं होतं. तेव्हा तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ब्रूबेकने ही चाल उचलली. त्याच दौऱ्यात ते मुंबईलाही आले होते आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्याशी ब्रूबेकची भेट झाली होती. या रचनेत मध्येच नऊ आणि चार मात्रांची ओढाताण सुरू होते आणि मग सगळं सरळ चारच्या ब्लूजमध्ये मोकळं होतं. ती सुटका मला अजूनही दर वेळी सुखावते.

'टेक फाइव्ह' सगळ्यांना माहीत असते. ती ब्रूबेकची नाही, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पॉल डेस्मंडची. सुरांसाठी ती कितीही वेळा ऐकावी, पण आता माझं लक्ष पियानोवर असतं. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा, म्हणजे एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा, धरतात, तसा ब्रूबेक तीच छोटी आकृती धरून बसतो आणि जो मोरेलो त्यावर ड्रम्स वाजवतो. मोरेलो घाई करत नाही. जागा सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेतही पाच मात्रा चालूच असतात. हात दाखवायची पूर्ण संधी असताना इतकं कमी वाजवायला केवढा संयम लागतो!

माझी सर्वांत लाडकी मात्र 'स्ट्रेंज मेडो लार्क'. सुरुवातीला एकटा पियानो, तालाशिवाय. मग डेस्मंड येतो, हलका, कुठेही जोर न लावता. विषम मात्रांच्या चर्चेत ही रचना मागे पडते, कारण पुढे ती साध्या चारमध्येच जाते. हा तिच्यावर अन्याय आहे.

ब्रूबेकचा पियानो कधीकधी जड होतो, जाड स्वरपुंज आपटल्यासारखे येतात. 'एव्हरीबडीज जंपिन' मला त्यामुळेच फारशी पकडत नाही. 'थ्री टू गेट रेडी' मात्र प्रसन्न आहे: दोन आवर्तनं तीनची, दोन चारची, आणि वाजवणारे ती अदलाबदल इतकी सहज करतात की पाय आपोआप ठेका धरतो.

एक आग्रहाची सूचना: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. यूजीन राइटचा डबल बास तिथे नाहीसा होतो, आणि शेवटची 'पिक अप स्टिक्स' तर त्याच्याच सहा मात्रांच्या आवर्तनावर उभी आहे. न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या तीसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, पूर्वीच्या एका चर्चमध्ये, हे ध्वनिमुद्रण झालं. चांगल्या हेडफोनवर ती प्रशस्त जागा ड्रम्सभोवती स्पष्ट ऐकू येते.

तबला शिकणाऱ्यांनी आधी 'थ्री टू गेट रेडी' आणि 'पिक अप स्टिक्स' ऐकाव्यात, 'टेक फाइव्ह' नंतर.