दोन भागांची इलिओस्टॉमी पिशवी: प्लेट झकास, फिल्टर नावापुरता

गुदाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, खाली आतड्याला जोड दिला आणि तो भरून येईपर्यंत पोटाच्या उजव्या बाजूला लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा, म्हणजे मळ बाहेर पडायचं तोंड, काढला. यालाच इलिओस्टॉमी म्हणतात. तेव्हापासून ही दोन भागांची पिशवी वापरतेय. कातडीला चिकटणारी प्लेट वेगळी आणि तिच्या कड्यावर टच्‌कन बसणारी पिशवी वेगळी. माझं आयुष्य शिवणकामात गेलं, त्यामुळे माप आणि कापणी या बाबतीत मी कुणाला सहजासहजी पास करत नाही.

प्लेटला मात्र पैकीच्या पैकी. सगळा खेळ तिचाच आहे. पिशवी कितीही भारी असली तरी प्लेट एका कडेनं सुटली की कपडे, अंथरूण आणि झोप तिन्ही गेले. हिचा चिकट थर कात्रीला नीट साथ देतो, कड फाटत नाही, कापल्यावर आतल्या कडेवरून बोट फिरवलं की गुळगुळीत होते. सोबत गोल भोकांचा मापाचा कागद येतो, तो मी बाजूला ठेवला. स्टोमा क्वचितच गोल असतो, माझा लंबगोल आहे. पारदर्शक प्लास्टिक वर धरून त्याची रेघ काढली, तिच्याबाहेर 2 ते 3 मिमी सोडले आणि तोच नमुना ठेवून भरतकामाच्या बाकदार कात्रीनं प्लेट कापली. भोक घट्ट झालं तर कड स्टोमाला घासते. सैल झालं तर उघड्या राहिलेल्या कातडीवर लहान आतड्यातला पाचकरस येतो आणि ती अक्षरशः भाजून निघते. ऑपरेशननंतरचे 6 ते 8 आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, म्हणजे जुन्या नमुन्यावर डोळे मिटून कापू नका, दर बदलाला माप घ्या.

चिकटवण्याआधी प्लेट तळहातांमध्ये धरून कोमट करायची, कातडी नुसत्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेल-क्रीम काहीही नको. बदलायला सकाळी उपाशीपोटीची वेळ बरी, तेव्हा स्टोमा जरा शांत असतो. त्याला हात लावायला भिऊ नका. त्याला दुखण्याची जाणीव नसते, पुसताना थोडंसं रक्त दिसलं तरी चालतं. तो कातडीच्या वर उचललेला असतो हेही मुद्दामच. 1952 मध्ये ब्रायन ब्रुक या ब्रिटिश सर्जननं आतड्याचं टोक उलटून बाहेर काढायची पद्धत दिली, म्हणून मळ कातडीवर न ओघळता थेट पिशवीत पडतो.

आता कडं. पिशवी हव्या त्या कोनात फिरवता येते, रात्री कुशीकडे वळवून ठेवली की झोपेत वजन ओढत नाही. हे आवडलं. पण ती बसवताना पोटावर दाबावं लागतं आणि टाके ताजे असताना तो दाब जीव घेतो. सुरुवातीला एकसंध पिशवी घ्यावी, असंच माझं मत. पातळ कपड्याखाली कडं उठूनही दिसतं.

फिल्टरचं कौतुक वेष्टनावर भरपूर आहे. वास अडवून पिशवीतली हवा बाहेर सोडायची, हे त्याचं काम. पण कोळशाचा फिल्टर ओला झाला की संपला, आणि इलिओस्टॉमीचा मळ पातळ असतो, त्यामुळे तो ओला व्हायला वेळ लागत नाही. पहाटे पिशवी टम्म फुगलेली. वास मात्र बंद पिशवीतून येत नाही, हे कबूल करायला हवं. हवा काढायची तर कडं वरच्या बाजूला किंचित उघडायचं, फुस्स झालं की पुन्हा दाबायचं. फिल्टरपेक्षा ही युक्ती जास्त कामाची.

खरा राग पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा नाहीत याचा. स्टोमा स्थिरावल्यावर दिवसाला साधारण 500 ते 800 मिली बाहेर पडतं. 1500 च्या वर जायला लागलं तर अंगातलं पाणी आणि मीठ उतरतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. इलिओस्टॉमीच्या पेशंटना पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि त्यावर नुसतं पाणी ढोसणं हा उपाय नाही, ओआरएस लागतं. मी मापाचं भांडं वेगळं ठेवलंय. चार रेघा छापायला काय जात होतं?

माहितीपत्रकात सपाट पोटावर गोलगरगरीत स्टोमाचं चित्र छापलंय. पिशवी लागतेच कशाला, याबद्दल एक ओळ नाही. ते मला स्टोमा नर्सनं समजावलं. 2007 मध्ये स्वीडनमधल्या 234 पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुदाशयाचा खालचा जोड दिल्यावर ज्यांना असा तात्पुरता स्टोमा दिला त्यांच्यात जोड गळून त्रास होण्याचं प्रमाण 10.3 टक्के, ज्यांना दिला नाही त्यांच्यात 28 टक्के. हा आकडा ऐकल्यावर कड्याची कटकट सोसवते.

काहींना यातून सुटकाही मिळते. अमेरिकेतल्या ओप्रा चाचणीत रेडिएशन आणि केमोनंतर गाठ विरघळलेल्यांवर फक्त लक्ष ठेवलं गेलं आणि चाचणीतल्या एकूण पेशंटांपैकी जवळपास निम्म्यांचा गुदाशय 3 वर्षांनंतर शाबूत होता. गाठीत डीएनए-दुरुस्तीचा विशिष्ट दोष असेल तर डोस्टार्लिमॅब या औषधानं 2025 च्या अहवालात गुदाशयाच्या 49 पैकी 49 पेशंटांत गाठ दिसेनाशी झाली. हा दोष मोजक्याच गाठींत असतो, माझ्या गाठीत नव्हता. तरी ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ती तपासणी झालीय का, हे डॉक्टरांना विचाराच.

पिशवी घालून फिरता येतं का, असं बऱ्याच जणी विचारतात. झपझप चालते मी, कडं कधी निसटलं नाही. घामानं प्लेट मात्र लवकर मऊ पडते, उन्हाळ्यात एक दिवस आधी बदलावी लागते. चालण्याचा हट्ट 2025 च्या चॅलेंज चाचणीमुळे. केमो संपलेल्या 889 पेशंटांपैकी ज्यांना 3 वर्षं देखरेखीखाली व्यायाम दिला, त्यांच्यातले 90.3 टक्के 8 वर्षांनी हयात होते, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांतले 83.2 टक्के. ते पेशंट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे होते, माझा गुदाशयाचा, म्हणून आकडा जसाच्या तसा मी स्वतःला लावत नाही. चालणं सोडत नाही, एवढंच.

टाके भरून आलेल्या, हात स्थिर असलेल्या माणसानं ही बिनधास्त घ्यावी. बोटांत जोर नसेल किंवा नजर अधू असेल तर आधीच भोक कापलेली एकसंध पिशवी बघा. स्टोमा कातडीच्या पातळीतच बसलेला असेल तर ही सपाट प्लेट टिकणार नाही, त्याला फुगीर प्लेट लागते आणि ती नर्सकडून मापून घ्यावी.