रांगेत कमी, सावलीत जास्त

जूनमध्ये आई-बाबा न्यू जर्सीला आले, तेव्हा सगळ्यांना घेऊन ऑरलँडोला गेलो. तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कसाठी 'टुरिंग प्लॅन्स'ची, म्हणजे कुठली राइड कधी घ्यायची ते आखून देणाऱ्या ॲपची, वर्गणी भरली. नवरा म्हणाला, "फिरायला जातोय की बोर्डाच्या परीक्षेला?"

कुठल्या राइड्स हव्यात, जेवण कधी, चालायचा वेग किती, हे भरायचं. मग 'ऑप्टिमाइझ' दाबलं की क्रम लावून मिळतो. पहिल्यांदा मी वेग मध्यम टाकला, ही माझीच चूक. आईचे गुडघे आणि दर तासाला "इथे चहा मिळेल का गं?" हे धरलंच नव्हतं. साडेदहालाच वेळापत्रक कोलमडलं. बाकावर बसून वेग सगळ्यात कमी केला, दोन राइड्स काढल्या, पुन्हा बटण दाबलं. मग गाडी रुळावर आली.

खरा फायदा वेगळाच. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडच्या पाटीवर रांगेची वेळ ७० मिनिटं होती, ॲप म्हणत होतं ४५. घड्याळ लावलं, ४८ लागली! त्यानंतर बाबा पाटी बघेनात, थेट "तुझा फोन काय म्हणतो?"

लाइटनिंग लेन मल्टी पासचे, म्हणजे छोट्या रांगेतून आत जायच्या पासचे, पैसे वेगळे असतात. आम्ही तो पास घेतला नाही, सकाळी दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचलो. पण दुपारच्या पावसाचं काय करायचं? तेव्हा आम्ही सरळ हॉटेलवर येऊन झोपलो.

पाचपैकी साडेचार. अर्धा चहासाठी कापला.