ट्रॅकर मास्क करून आठ महिने झाले

कळव्याच्या घरात आमचा जुना लॅपटॉप सुरू झाला की आतल्या खोलीत झोपलेल्यालाही कळायचं. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, उबंटू २२.०४ (लिनक्सची एक आवृत्ती). लॉगिन केलं की दहा-पंधरा मिनिटं नुसती घरघर. 'टॉप' ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड, तिच्यात वर ठाण मांडून बसलेलं नाव कायम एकच: ट्रॅकर-मायनर-एफएस-३. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक वगैरे फोल्डरांचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, बनवणारी ही ग्नोमची (उबंटूच्या डेस्कटॉपची) सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम. आणि पिक्चर्समध्ये ताईच्या लग्नाचे सगळे फोटो! दोष सर्व्हिसचा म्हणवत नाही, डिस्कच म्हातारी.

आधी सवयीने सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून सिस्टिमसीटीएल, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करणारी कमांड, तिचं डिसेबल मारलं. उत्तर आलं, अशी युनिट फाइलच (सर्व्हिसची नोंद) नाही. अर्धा रविवार त्यात गेला. ही सर्व्हिस सिस्टिमची नाही, लॉगिन केलेल्या युजरची. म्हणजे सुडो काढायचं आणि --युजर लावायचं. नुसतं स्टॉप केलं, तर डी-बसवरून, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवरून, कुणीतरी हाक मारतं आणि ती परत हजर. डिसेबलचंही तेच, ते फक्त आपोआप सुरू होणं थांबवतं. म्हणून शेवटी मास्क केलं: त्यात युनिटचं नाव डेव्ह-नलला, म्हणजे रिकाम्या खड्ड्याला, जोडलं जातं, मग कितीही हाका मारा. 'ट्रॅकर३ रीसेट' ही कमांड देऊन जुना इंडेक्सही पुसला.

घरघर थांबली ती थांबलीच. तिसऱ्या महिन्यात मात्र बाबांची हाक आली: "अरे, गळतीची पत्रं कुठे गेली?"

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. फाइल्सच्या सर्चमध्ये 'गळती' टाकलं की ज्या पत्रात तो शब्द असेल ते पत्र समोर यायचं. ही करामत ट्रॅकरची, हे मला तेव्हा कळलं. आता सर्च फक्त फाइलच्या नावात शोधतो, आणि बाबांच्या फाइलींची नावं 'पत्र नवीन', 'पत्र नवीन २', 'पत्र नवीन शेवटचं'. फाइलींच्या आत शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडचाही उपयोग नाही, लिब्रेऑफिसची फाइल आतून झिप असते. तेव्हापासून बाबा नावात तारीख आणि फ्लॅट नंबर घालतात, कुरकुरत. जुनी पत्रं मी एकेक उघडून शोधतो.

आज करायचं झालं तर मी आधी सेटिंग्जमधल्या सर्च लोकेशन्समधून फक्त पिक्चर्स काढलं असतं. आणखी एक: ग्नोम ४७ पासून ट्रॅकर मायनर्सचं (म्हणजे याच सर्व्हिसचं) नाव लोकलसर्च झालंय, तिथे जुन्या नावावरचा मास्क लागणार नाही.

सोसायटीच्या एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) आधी अनमास्क करून, फक्त डॉक्युमेंट्सवर टिक ठेवून बघणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.