सीडीवरचा क्यूआर कोड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अभंगांच्या सीडीच्या ५०० प्रती, पुठ्ठ्याचं डिजिपॅक, आत पुस्तिका आणि तिच्या शेवटच्या पानावर क्यूआर कोड. स्कॅन केला की अभंगांचे शब्द, अर्थ आणि रेकॉर्डिंगचे व्हिडिओ उघडतात. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच येत नाही, त्यामुळे ही सोय आता जवळपास गरजेचीच झाली आहे. मात्र जे काही बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा छपाईआधीच असतं.

पहिली गोष्ट लिंकची लांबी. २१ अक्षरांची लिंक चूक-दुरुस्तीच्या ‘एम’ पातळीवर (सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो) २५ बाय २५ चौकोनांत बसते. चारी बाजूंना ४-४ चौकोनांची कोरी जागा सोडावीच लागते, म्हणजे झाले ३३. २० मिमी रुंदीत एक चौकोन ०.६ मिमीचा पडतो. त्याच लिंकला जाहिरातवाल्यांचं शेपूट (कोण कुठून आलं ते मोजणारी जादा अक्षरं) जोडून ती १०० अक्षरांवर नेली की ४१ बाय ४१ लागतात आणि चौकोन ०.४ मिमीवर येतो. खरखरीत कागदावर शाई जरा पसरली की कॅमेरा फोकस शोधत बसतो. देवनागरी पत्त्याचा मोहही टाळलेला बरा. प्रत्येक अक्षर ३ बाइट खातं, मात्रा आणि वेलांट्यांचा हिशेब वेगळा.

छपाईवाल्याला फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या, जेपीजी नको. तिच्यात कडा धूसर होतात. कोड फक्त काळ्या शाईत घ्या. चार रंग मिसळून काळा केला आणि एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली, तरी प्रत्येक चौकोनाला रंगीत झालर येते. गडद चित्रावर पांढरा कोड देखणा दिसतो, पण काही फोन तो वाचत नाहीत. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप नेमकी कोडवर पडते, तिथे मॅट घ्या. घडीवर कोड नको, आणि बाहेरच्या बाजूला असेल तर प्लॅस्टिकच्या वेष्टनाचा जोड येतो तिथेही नको. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मूळ आकारात, त्याच कागदावर मागवा आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, रात्री ट्यूबलाइटखाली तपासा.

सगळ्यात जास्त तक्रारी मात्र भलत्याच कारणाने आल्या. आपल्याकडे चौकोनी कोड दिसला की हात थेट यूपीआयच्या ॲपकडे जातो! तिथे हा कोड अवैध ठरतो आणि माणूस म्हणतो, ‘सीडीच खराब आहे.’ कोडखाली ‘अभंगांचे शब्द आणि व्हिडिओ – फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा’ एवढी ओळ हवीच. त्याखाली लिंकही वाचता येईल अशी छापा. ज्येष्ठ श्रोत्यांसाठी ती नातवंडं टाइप करतात.

आता खरी गोम. कोड तयार करून देणाऱ्या सेवा ‘डायनॅमिक’ कोड देतात: आत लिंक त्यांची, तिथून उडी आपल्या पानावर. चाचणीची मुदत संपली किंवा वर्गणी थकली की उडी बंद होते आणि ५०० प्रतींवरचा कोड मुका. म्हणून स्वतःचं डोमेन घ्या, त्यावर छोटी लिंक करा आणि तीच थेट आत असलेला साधा ‘स्टॅटिक’ कोड छापा. पान पुढे हलवता येतं, पण रीडायरेक्ट (छोट्या लिंकवरून पानावर नेणारी उडी) ३०२ प्रकारचं, म्हणजे ‘तात्पुरतं हलवलं’, असं ठेवा. ३०१ म्हणजे ‘कायमचं हलवलं’. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि आधी येऊन गेलेल्या श्रोत्याला जुनंच पान दाखवत राहतो. डोमेनचं नूतनीकरण ऑटोवर टाका. कोडमधून थेट एखाद्या गाण्यांच्या ॲपवर नेऊ नका: हक्क देशागणिक वेगळे असतात, आणि परदेशातल्या मराठी घरात ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं.

पानावर शब्द मजकूर म्हणूनच ठेवा. पीडीएफ मोबाइलवर चिमटीने मोठी करत वाचावी लागते. लॉगिन तर मागूच नका.

‘फक्त सीडी घेणाऱ्यांसाठी’ म्हणून काही ठेवायचं असेल, तर सगळ्या प्रतींवरचा एकच कोड कुचकामी आहे. एक फोटो व्हॉट्सॲपवर गेला की कुलूप उघडलं. दर प्रतीला वेगळा, एकदाच चालणारा कोड लागतो. ऑफसेट छपाईत सगळ्या प्रती एकाच प्लेटवरून निघतात, तिथे ते जमत नाही, डिजिटल छपाईचं सुटं कार्ड आत सरकवावं लागतं. ५०० प्रतींना हा खटाटोप परवडत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत कोड तोच ठेवला आहे. बदलली आहे ती फक्त त्याखालची ओळ.