३३ अंश की फक्त ताप रोखणं?

बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू झालं, पण रुग्ण बेशुद्धच आहे. शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करायचं, की फक्त ताप येऊ द्यायचा नाही?

जीव वाचण्याचं बघू. २००२च्या दोन चाचण्यांनी थंड करण्याला बळ दिलं. पण २०२१च्या टीटीएम-२ चाचणीत, सुमारे १,८५० रुग्णांत, सहा महिन्यांतले मृत्यू थंड गटात ५० टक्के, फक्त ताप रोखलेल्या गटात ४८. म्हणजे फायदा दिसला नाही. उलट रक्ताभिसरण बिघडवणारे हृदयाचे अनियमित ठोके थंड गटात २४ टक्क्यांना, दुसऱ्यात १७.

मेहनत दोन्हीकडे आहे. ताप रोखायलाही तापमानावर सतत नजर लागतेच, त्यात ढिलाई नको.

बहुतेकांसाठी ताप रोखणंच योग्य. जिथे हृदयाची लय विजेचा झटका देण्याजोगी नसते, तिथे मात्र फ्रान्समधल्या २०१९च्या हायपेरियन चाचणीमुळे ३३ अंशांचा विचार जरूर व्हावा.