सुगंधी पेपरबार्क, कायापुटी की बॉटलब्रश: बडोद्यात काय लावायचं?

वासाचं पेपरबार्क, म्हणजे कागदासारखी साल सुटणारं झाड, हवंय म्हणणाऱ्यांनी आधी एवढं ठरवा की वास फुलांचा हवाय का पानांचा, कारण ही तिन्ही झाडं मेलाल्युकाच, म्हणजे जांभूळ-पेरूच्या कुळातली, पण स्वभाव अगदी वेगवेगळे.

ज्याला खरं सुगंधी पेपरबार्क म्हणतात ते मेलाल्युका स्क्वारोसा, दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातल्या दलदलीचं. पानं इवलीशी, ५ ते १८ मिमी, समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात, त्यामुळे फांदीवर चार सरळ रांगा दिसतात, फार देखणं काम आहे. फुलं क्रीम-पिवळी, डोळ्यात भरतात ते पुंकेसर, आणि तो गोड वास या फुलांचाच. पण त्याला थंड हवा आणि कायम ओल लागते, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा ऑनलाइन बी मिळालं तरी घेऊ नका असंच मी सांगेन.

कायापुटी मात्र उष्ण भागातलंच, उत्तर ऑस्ट्रेलिया ते आग्नेय आशिया. साल पांढरट, पापुद्र्यावर पापुद्रे, दाबली तर मऊ लागते. पानं लांबट, एकाआड एक, शिरा उभ्या, आणि चुरगळली की निलगिरीसारखा वास येतो कारण दोन्हीत सिनिओल नावाचं वासाचं द्रव्य असतं. पावसाळ्यात आपली काळी माती पाणी धरून बसते, बऱ्याच झाडांची मुळं कुजतात, हे तिथे टिकतं, माझ्या मते हाच सगळ्यात मोठा मुद्दा. पण उंची २० मीटरच्याही वर जाऊ शकते, म्हणून बंगल्याच्या चिंचोळ्या कंपाउंडमध्ये किंवा विजेच्या तारांखाली अजिबात नको, आणि विश्वामित्री नदीच्या अगदी काठावर किंवा तळ्याशीही नको, याच्याच जवळच्या एका जातीनं फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समधली पाणथळ जमीन व्यापून टाकलीये, बी बारीक असतं आणि एकेका झाडावर प्रचंड.

लाल बॉटलब्रश छोट्या जागेला ठीक, शिंजीर येतात, पण साल कडक आणि भेगाळ, कागदासारखी नाही. गोल्डन बॉटलब्रशचंही तेच, पिवळी पानं बघून पेपरबार्क समजू नका.

नर्सरीत रोप लहान असतं, साल बघून काही कळत नाही, म्हणून पान बघा, उभ्या शिरा दिसल्या आणि चुरगळून निलगिरीचा वास आला तरच कायापुटी म्हणून घ्या, पहिला चांगला पाऊस झाला की लावा आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.